शेवटचं प्रकरण

राज्यशास्त्राच्या माणसाला नागपुरात लोक एकच प्रश्न विचारतात. "मॅडम, यंदा कोण येऊन राहिलं?" भाजीवाला विचारतो, बँकेतला कॅशियर विचारतो. आमचे दातांचे डॉक्टर तर तोंडात आरसा सरकवून विचारतात, म्हणजे उत्तराची भानगडच नको. निवडणुका हा माझा विषय नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. मग ३५ वर्षं शिकवलं तरी काय? निवडणूक आटोपल्यावर जे सुरू होतं ते, असं मी सांगत असे. "म्हणजे भांडणं," आमचा दूधवाला एकदा म्हणाला. मी वाद घातला नाही.

माझा विषय कारभार. 'गव्हर्नन्स' हा शब्द आमच्या अभ्यासक्रमात आला तो जागतिक बँकेचं बोट धरून. १९८९ साली बँकेने आफ्रिकेतल्या देशांबद्दलच्या अहवालात तो वापरला आणि काही वर्षांत तो आमच्या प्रश्नपत्रिकेत दहा गुणांना येऊन बसला. मराठीत त्याचं 'सुशासन' झालं. मला ते कधी रुचलं नाही. शासन म्हणजे शिक्षासुद्धा. चांगली शिक्षा ती काय असणार? त्यापेक्षा कारभार बरा. त्यात हिशेब येतो, घर येतं, आणि "काय कारभार करून ठेवलाय!" यातला वैतागही येतो. हा वैताग हेच माझं संशोधनक्षेत्र आहे, असं मी एका परिसंवादात म्हणाले होते. अध्यक्ष हसले नाहीत.

खोड घरातूनच लागली. वडील जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या सचिवालयात कारकून. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि आदल्या दिवसापर्यंत राजधानी असलेलं नागपूर दुसऱ्या दिवशी राजधानी राहिलं नाही. फायली वाटल्या गेल्या, माणसं वाटली गेली. काही भोपाळला, काही मुंबईला. वडील मुंबईच्या वाटणीला आले. दोन वर्षं खानावळीत जेवले आणि खटपट करून परत आले. माझा जन्म १९५९ चा, म्हणजे मी यातलं काही पाहिलेलं नाही. पण जुनी शुक्रवारीतल्या आमच्या घरात 'राजधानी गेली' हे 'आजी गेली'च्या सुरात म्हटलं जायचं. राज्यांच्या फेररचनेसाठी नेमलेल्या फाझल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती कागदावर राहिली. १९५३ च्या नागपूर करारात सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन इथे होईल असं कबूल झालं होतं, ते मात्र होत राहिलं. डिसेंबर उजाडला की वडील मफलर गुंडाळून "सरकार आलं" असं सांगायचे, जावई आल्यासारखं. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, मोर्चे बघायला ते मला खांद्यावर बसवून न्यायचे. एवढी माणसं ओरडतात ती नेमकं कुणाला ऐकू जातं, हे मी त्यांना विचारलं होतं म्हणे. पुढे तेच मी जरा अवघड शब्दांत विचारत राहिले आणि त्याबद्दल मला पगार मिळाला.

एम. ए. नागपूर विद्यापीठातून केलं. १९४९ साली या विद्यापीठाने लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य असा स्वतंत्र विभाग काढला होता, देशात या प्रकारचा पहिला. त्याच्या आदल्याच वर्षी मध्य प्रांताचे तेव्हाचे मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांची जनपद योजना कायद्यात उतरली होती. तालुक्याच्या पातळीवर सरकारी कारभार आणि लोकांनी निवडलेली सभा एकत्र बांधायचा तो प्रयोग. म्हणजे प्रयोग इथे, अभ्यासही इथेच. आमच्या पिढीला हे कुणी सांगितलं नाही. आम्हाला प्लेटो होता, हॉब्ज होता, अमेरिकेच्या अध्यक्षाचे अधिकार होते. जनपद योजना मला सापडली ती पीएचडीच्या वेळी, रद्दीत निघालेल्या सरकारी पुस्तिकांमध्ये. तेव्हा माझ्या मार्गदर्शकांनी दिलेला सल्ला मी पुढे शेकडो मुलांना ऐकवला: विषय शोधायला लांब जाऊ नका, लांबचे लोक इथे येऊन शोधून जातात.

१९८४ ला कॉलेजात लागले. तीन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसले होते. खिडकीला लावलेल्या खसच्या टट्ट्यांवर शिपाई पाणी मारून गेला होता, त्या ओल्या वासात मी एका नियतकालिकाचा बांधीव खंड चाळत होते. त्यात १९७३ चा एक लेख होता. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर, दोघेही बर्कलीचे. एक रचनेचा अभ्यासक, दुसरा नगरनियोजनाचा. त्यांचं म्हणणं असं की प्रश्न दोन जातींचे असतात. एक जात अवघड असली तरी गुणी. गणित, बुद्धिबळाचा डाव, पूल. सुटलं की सुटलं, आणि सुटलं हे सगळ्यांना दिसतं. दुसरी जात वेगळी. प्रश्न काय आहे हे सांगायला बसलात की तुमचं उत्तर आधीच त्यात लपलेलं असतं. नदी घाण आहे म्हणालात तर शुद्धीकरण केंद्र, काठावर अतिक्रमण आहे म्हणालात तर पाडापाडी. थांबायची खूण नसते. पैसा, वेळ नाहीतर धीर संपला की माणसं थांबतात. उत्तर बरोबर किंवा चूक नसतं, बरं किंवा वाईट असतं. करून बघू, नाही जमलं तर पुसून टाकू, अशी सोय नसते, कारण प्रत्येक प्रयत्नाचा वळ कुणाच्या तरी पाठीवर उठतो. आणि शेवटचा मुद्दा: वैज्ञानिकाचा सिद्धांत खोटा ठरला तर विज्ञान पुढेच जातं, पण नियोजन करणाऱ्याला चुकायचा हक्क नाही.

या शेवटच्या मुद्द्याला मी पेन्सिलीने खूण केली. पुस्तकांवर खुणा करू नयेत, अशी पाटी समोरच होती.

त्या दुसऱ्या जातीला त्यांनी इंग्रजीत 'विकेड' हे विशेषण लावलं, त्याचं मराठी करायला मला वर्षं लागली. 'दुष्ट' म्हटलं की राक्षस डोळ्यांपुढे येतो. 'किचकट' तर आयकराचा अर्जही असतो. 'खट्याळ' हे एका वर्गाने हात वर करून मंजूर केलं होतं, पण शेतकऱ्यांच्या आत्महत्यांना खट्याळ कोण म्हणेल? शेवटी मी 'द्वाड' धरलं. द्वाड पोर कसं असतं, मारलं तर कोडगं होतं, लाडावलं तर डोक्यावर बसतं, आणि पाहुण्यांसमोर असं वागतं की तक्रार करणाऱ्या आईलाच लोक वेड्यात काढतात. एका पाठ्यपुस्तकासाठी मी 'द्वाड प्रश्न' असं प्रकरण लिहून दिलं. छापून आलं तेव्हा त्याचं 'जटिल समस्या' झालं होतं. संपादक म्हणाले, परिभाषेत बसत नाही. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात पुढे दूरसंचार यंत्रणाही जटिलच होती.

फरक कळायला नागपूरच्या गड्डीगोदाम चौकात जाऊन उभं राहावं. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. चालू रेल्वेमार्गावर शेकडो टनांचं पोलाद चढवणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तो गुणी प्रश्न होता. झाला. आता तिथून रोज गाड्या जातात. त्या पुलाखालच्या रस्त्यावर ठेला लावणाऱ्यांनी कुठे जायचं, हा प्रश्न त्याच चौकात उभा आहे आणि त्याला कुठलाच इंजिनिअर हात लावत नाही.

विदर्भात पोराला पाढ्यांच्या आधी एक शब्द ऐकू येतो, अनुशेष. माझ्या नोकरीची पहिली दहा-पंधरा वर्षं त्यातच गेली. १९८३ साली सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने जिल्हावार रस्ते, सिंचन, शाळा, वीज असं सगळं मोजलं, राज्याची सरासरी काढली, आणि त्या सरासरीच्या जो जितका खाली तितका त्याचा अनुशेष ठरवला. आकडा निघाला ३,१८६ कोटी. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के. पुढे दुसऱ्या समितीने १९९४ ची स्थिती धरून मोजलं तर अनुशेष १४,००० कोटींवर गेलेला. दहा वर्षं भरत होतो आणि खड्डा मोठाच होत होता. महागाई होतीच, पण सरासरीही काही जागेवर थांबत नाही. पुढचे जिल्हे पळत असतात, त्यांच्याबरोबर ती पुढे सरकते, आणि मागचा जिथे आहे तिथेच राहून आणखी मागे पडतो. दरम्यान १९९४ मध्ये या असमतोलावर लक्ष ठेवायला वैधानिक विकास मंडळं आली, आणि २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली.

यावर मी दोन निबंध लिहिले, भाषणं केली, टाळ्या घेतल्या. आज वाटतं, अनुशेष या शब्दाने आमचं भलं केलं आणि नुकसानही. द्वाड प्रश्नाचा त्याने आकडा केला. आकड्यावर मोर्चा काढता येतो, आकडा विधानसभेत मागता येतो. पण एकदा कोटींत बोलायची सवय लागली की सिंचन म्हणजे सिंचनावरचा खर्च असं होऊन बसतं. पाणी कुणाच्या शेतात गेलं, हे विचारायचं राहून जातं. हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. ते मामा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आलं, आणि तेही उशिरा.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांवर तलाव आहेत. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी उतार बघून, माती बघून बांधलेले. मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, मालकी, गावाची मेहनत, आणि पाणी कुणाला कधी याचे ठरलेले पायंडे. तो काही रामराज्याचा काळ नव्हता; वेठ होती, जात होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. लोकांनी म्हटलं, आता सरकारचा तलाव, सरकारच गाळ काढेल. सरकारने म्हटलं, पाणीपट्टी भरा. लोक म्हणाले, बापजाद्यांच्या तलावाची पट्टी कसली? दोन्ही बाजूंनी हात काढले आणि तलावात गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली. पाणी एका खात्याचं, मासेमारीचा ठेका दुसऱ्याच कागदावर, उन्हाळ्यात उघडी पडणारी गाळपेराची जमीन तिसऱ्याकडे. राज्यशास्त्राच्या माणसाला एवढं पुरे. लाळच गळते.

२००५ साली राज्यात सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी मला एका अभ्यासाचं काम मिळालं: मामा तलावांना हे कसं लागू करता येईल? गोंदिया जिल्ह्यातली सहा गावं घेतली. मी आणि दोन विद्यार्थी. अर्जुनी मोरगावकडची एसटी, शाळेच्या वर्गात सतरंज्या, भिंतीला टेकून बसलेले म्हातारे. एका गावातली सभा तर इतकी रंगली की संध्याकाळी पाळीवर चहा घेताना मी विद्यार्थ्यांना म्हटलं, बघा, लोकशाही म्हणजे हे. धान निसवायला आलं की पाणी हवं, नेमकं तेव्हाच खात्याचा माणूस जागेवर नसतो, तलावाचं दार कुणी उघडायचं यावरून डोकी फुटतात; असं सगळं लोक मोकळेपणाने बोलले. अहवालाच्या शेवटच्या प्रकरणात मी ११ शिफारशी लिहिल्या. तलाव पाणीवापर संस्थेच्या ताब्यात द्यावा, ही पहिली. सुबक अहवाल होता. आधी माझ्या जाहिरातीसारखा वापरला गेला, पुढे पदोन्नतीच्या वेळी त्याचे गुणही मिळाले. २०१० पासून आमच्याकडे प्राध्यापकाची किंमत गुणांत मोजतात, म्हणजे अनुशेष आता आमच्याही अंगाला लागला.

२००९ च्या ऑक्टोबरात एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. अर्थशास्त्रातलं ते पारितोषिक मिळवणारी पहिली बाई, आणि ती राज्यशास्त्राची! ज्या बाईला तरुणपणी गणित कमी म्हणून अर्थशास्त्राच्या पीएचडीला घेतलं नव्हतं. आमच्या स्टाफरूममध्ये मी समोसे मागवले. अर्थशास्त्रवाल्यांना दोन दोन जास्त दिले. जंगल, चराई, पाणी ही सामाईक साधनं सरकार किंवा बाजार यांच्याशिवाय माणसं आपली आपण नीट सांभाळू शकतात, हे त्यांनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं; आणि कुठे सांभाळली जातात, कुठे नाही, याच्या खुणाही मांडल्या. त्याच वर्षी आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला, देशातला पहिला म्हणून त्याचं नाव घेतात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार', ही त्या गावाची घोषणा मी ऑस्ट्रॉमच्या तत्त्वांशेजारी फळ्यावर लिहायचे. त्यांच्या तत्त्वांपैकी एक असं की नियमांचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना ते नियम बदलण्यात भाग घेता आला पाहिजे. हे मी त्या सत्रात चार वर्गांना शिकवलं.

जानेवारी २०१० मध्ये दुसऱ्याच कामासाठी गोंदियाकडे गेले होते. वाकडी वाट करून ते चहाचं गाव गाठलं. पाणीवापर संस्था झाली होती. अध्यक्षांनी हार घातला, नोंदवही दाखवली, नोंदी चोख. खरिपाला पाणी वेळेवर मिळालं होतं आणि उन्हाळी धानासाठीही सोडणं सुरू झालं होतं. पाळीवर गेलो तर तलावाचा तळ दिसत होता. पाळीच्या त्या टोकाला ढिवरांची वस्ती. हे लोक पिढ्यान्पिढ्या तलावात मासे धरतात, शिंगाडा लावतात. त्यांना पाणी मेपर्यंत टिकायला हवं असतं. शेतकऱ्याला ते सुटायला हवं, ढिवराला ते थांबायला हवं. तलावाचं सगळं राजकारण एवढंच आहे आणि एवढं मोठं आहे. पूर्वी दार कुठल्या खुणेच्या खाली उघडायचं नाही याचा पायंडा होता. संस्थेने तो मोडला. कायद्याने मोडला असंच म्हणा, कारण संस्थेचा सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागते आणि ढिवरांकडे जमीन नाही. त्यांच्या सोसायटीने ठेका भरला होता, मत्स्यबीज सोडलं होतं. तळात चिखल होता.

एक बाई जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. मी विचारलं, सभेत तुम्ही हे का नाही मांडलं? मीच तर घेतली होती सभा, गाव सगळं आलं होतं.

"आमी त बजारात होतो," त्या म्हणाल्या. "मंगरवार होता ना."

मंगळवारी शेजारच्या गावाचा आठवडी बाजार. ढिवर बायका मासे विकायला सकाळीच निघतात, माणसंही ओझं घेऊन मागोमाग. मंगळवार मी निवडला होता, कारण सोमवारी आणि बुधवारी माझे तास असायचे. त्या बाई काही रागावलेल्या नव्हत्या. खाली मान घालून गाठ मारत होत्या. "तुमाले कोनं सांगतलं नाई का?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि ते खरोखरच विचारलं होतं.

नागपूरला परत आल्यावर अहवाल काढला. पान ४३ वर तळटीप होती, माझ्याच अक्षरातल्या मसुद्यावरून टंकलेली: 'मत्स्यव्यवसायी घटक सभेस अनुपस्थित.' अनुपस्थित! हजेरीपटावर लाल शाईने लिहितात तसं. म्हणजे मला दिसलं होतं. मी नोंदही केली होती. नोंद केली की काम झालं, असं मानणाऱ्या कारकुनांवर मी आयुष्यभर टीका केली, आणि मी तरी कारकुनाचीच मुलगी.

मी पत्रं लिहिली. अहवाल ज्यांनी करून घेतला त्यांना, जिल्ह्याच्या ठिकाणी, संस्थेच्या अध्यक्षांना. अध्यक्षांचंच तेवढं उत्तर आलं: मॅडम, आपल्याच शिफारशीप्रमाणे चाललं आहे. हे वाक्य मला पाठ आहे. पुढची दोन वर्षं मी तिथे चार-पाच खेपा केल्या, तळात थोडं पाणी राखायचं असं संस्था आणि सोसायटी यांच्यात तोंडी ठरलं, एक वर्ष ते पाळलं गेलं, पुढच्या वर्षी पाऊसच कमी झाला आणि ठरलेलं वाहून गेलं. यातून गोष्ट काही तयार होत नाही. झालं ते असं झालं.

त्यानंतर मी शिफारशींचं प्रकरण लिहिणं सोडलं. निबंध लिहिले, अभ्यास केले, पण शेवटी 'म्हणून असे करावे' हे नाही. सहकाऱ्यांना तो आळस वाटला. एकाने तोंडावर सांगितलं, तुम्ही पळ काढता. सरकार विचारतं तेव्हा तरी सांगा, नाहीतर ज्यांना काहीच कळत नाही ते सांगतील. त्यांचं चूक नव्हतं. मला आजही त्यावर नीट प्रतिवाद सुचत नाही. एवढंच म्हणते, की चुकायचा हक्क नाही या वाक्यावर पेन्सिलीने खूण करणं आणि ते चिखलात उभं राहून वाचणं, या दोन वाचनांत २३ वर्षं गेली.

२०१९ ला निवृत्त झाले. एक विद्यार्थिनी शिल्लक होती, नोंदणी आधीची, त्यामुळे मार्गदर्शक मीच. पारडीकडची मुलगी. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवायची, एक सकाळचं, एक दुपारचं, मधला वेळ स्कूटीवर. मंजूर पदं भरायची नाहीत आणि तासांवर मास्तर ठेवून विद्यापीठं चालवायची, या कारभारावर एक स्वतंत्र प्रबंध होईल, पण तो लिहिणाऱ्याला नोकरी कोण देईल? तिचा विषय होता नाग नदी.

मी आधी नको म्हटलं. जुनी शुक्रवारीतल्या आमच्या घराच्या मागून नदी वाहायची. आम्ही तिला नालाच म्हणायचो, नदी हा शब्द फक्त निबंधात. आई त्या बाजूची खिडकी वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला उघडायची. पण मुलीने पहिल्या भेटीत नकाशा पसरला आणि बोट फिरवलं. लाव्हाच्या टेकड्यांतून अंबाझरी, तिथून शहराच्या पोटातून पूर्वेला, मग पिवळी नदी, कन्हान, वैनगंगा, आणि गोसीखुर्दचं धरण. तिथे बोट थांबलं. गोसीखुर्दची कोनशिला १९८८ ची, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च हजारो कोटींवर गेला. विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष ज्या धरणाने भरायचा, त्यात नागपूरचं सांडपाणी जमा होतं. माझे दोन निबंध आणि माझी खिडकी एकाच पाण्यावर होती आणि मला ते कधी सुचलं नव्हतं.

मुलगी कष्टाळू. महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाटबंधारे, सगळीकडे खेटे घातले. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, त्यामुळे पेंच धरणाचं पाणी वाचतं, हेही तिने मांडलं; सगळंच काळं रंगवलं नाही. काठावरचे गोठेवाले, भंगारवाले, खाली पवनीकडचे मासेमार, सगळ्यांच्या मुलाखती. मी तिला प्रत्येक सभेआधी एकच विचारायचे, तिथला बाजार कोणत्या वारी असतो? तिला वाटायचं मॅडमना भाजी हवीय.

प्रबंध संपत आला तेव्हा २०२३ चा सप्टेंबर आला. २३ तारखेच्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदी अंबाझरी लेआउटमध्ये, कॉर्पोरेशन कॉलनीत, बर्डीच्या मोरभवन बसस्थानकात शिरली. माणसं गेली. बंगल्यांच्या दिवाणखान्यांत चिखल, गाड्या एकमेकींवर. दुसऱ्या दिवसापासून शहरभर 'नदी' हा शब्द ऐकू यायला लागला. ज्यांच्या घरात ती दर पावसाळ्यात शिरत होती, त्यांच्या बोलण्यात तो आधीपासून होता. फक्त ती घरं बंगले नव्हती. मुलीने पूर्ण एक प्रकरण नव्याने लिहिलं. शेवटी मात्र तिने माझाच कित्ता गिरवला. शिफारशी नाहीत. त्याऐवजी परिशिष्टात एक यादी: ज्यांच्याशी बोलायचं राहिलं ते कोण. मी वाचली आणि काही बोलले नाही. खरं सांगायचं तर खूश झाले होते.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले. सभ्य गृहस्थ, प्रबंध ओळीन् ओळ वाचलेला. दीड तास चांगले प्रश्न विचारले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "बाई, हे सगळं ठीक. पण करायचं काय? शिफारशी कुठायत?" मुलीने यादीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, यादी छान आहे, पण प्रबंधाला शेवटचं प्रकरण लागतं. दोन पानं जोडा, मग सही करतो. मुलीने माझ्याकडे बघितलं. जूनपासून एका कॉलेजात जागा निघणार होती, आणि पदवीची अधिसूचना त्याआधी हाती हवी होती.

"लिही," मी म्हटलं. "दोनच पानं तर आहेत."

बाहेर पडल्यावर आम्ही अमरावती रोडवरच्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले. ती गप्प होती, मीही. तर्री जास्त झाली म्हणून पाणी पीत राहिलो, तेवढंच एक निमित्त.

रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "मॅडम, लिहायला बसली आहे. पहिली काय टाकू?"

मी म्हटलं, थांब, चष्मा शोधते.